हिंगणघाटची एक कबर आणि योजनाचा प्रश्न

वर्धा येथें एका विद्यालयांत इतिहासाविषयीं चार शब्द सांगण्याचा प्रसंग आम्हांवर आला होता. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्यांनीं शंका विचाराव्या असा प्रघात असतो. बहुधा कोणी विचारीत नाहीं. त्या दिवशीं मात्र मागच्या बाकावरील एका मुलानें उठून विचारलें, "पृथ्वी मोजणारा साहेब आमच्या हिंगणघाटास कशाला आला होता?" आम्हीं त्यास कांहीं उत्तर दिलें. तें त्याला पटलें असें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें नाहीं, व खरें सांगावयाचें तर त्यानें आमचेंही समाधान झालें नव्हतें. प्रश्न वरवर पाहतां एका कबरीपुरता आहे. परंतु त्याच्या आडून दुसरा एक प्रश्न डोकावतो, तो असा कीं, साहेब येण्यापूर्वीं आमच्या लोकांनीं पृथ्वी मोजली होती कीं नाहीं? याचीं दोन उत्तरें आमच्याकडे सदा तयार असतात. सर्व कांहीं आमच्या ग्रंथांत होतेंच, हें एक. आमच्याकडे कांहींच नव्हतें, हें दुसरें. दोन्ही उत्तरें साधनें न पाहतां दिलेलीं असल्यामुळें संशोधकास दोहोंचाही उपयोग नाहीं. म्हणून त्या मुलाचा प्रश्न येथें पुन्हा हातीं घेतला आहे.

प्रथम कबरीची हकीकत. ती विल्यम लॅम्बटन याची आहे. हा यॉर्कशायरमधील साध्या कुळांतला मनुष्य. जन्मसालाविषयीं मतभेद असून तें १७५३ ते १७५६ च्या दरम्यान धरितात. अमेरिकेंतील युद्धांत तो ३३ व्या पलटणींत होता, व पुढें बारा-तेरा वर्षें न्यू ब्रन्सविक प्रांतांत बराकींचा कारभार पाहत पडून राहिला. त्या रिकाम्या वर्षांत त्यानें गणिताचा अभ्यास केला. चाळिशी उलटल्यावर तो पलटणीबरोबर हिंदुस्थानांत आला. इ. स. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यानें कंपनी सरकारापुढें अशी योजना मांडली कीं, नुसते नकाशे काढण्यापेक्षां द्वीपकल्पावर त्रिकोणांचें जाळें पसरावें. त्यांतून नकाशाही साधेल व पृथ्वीचा आकारही कळेल. १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीच्या परिसरांत त्यानें पहिली आधाररेषा मोजावयास घेतली. लांबी सुमारें साडेसात मैल. तीस सत्तावन दिवस लागले. ही एक बाजू जमिनीवर साखळीनें मोजावयाची, आणि पुढील सर्व बाजू केवळ कोन पाहून गणितानें काढावयाच्या, अशी ही पद्धति होय. साखळी जितकी खरी तितकेंच पुढील सर्व जाळें खरें, हें वाचकांनीं येथेंच लक्षांत ठेवावें. पुढें याचें काम पडणार आहे.

या साखळीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. लंडनच्या रॅम्स्डेन नांवाच्या कारागिरानें ती पोलादाची, शंभर फूट लांबीची, चाळीस कड्यांची अशी बनविली होती. लॉर्ड मॅकार्टनीची वकिलात १७९३ मध्यें चीनच्या बादशहाकडे गेली तेव्हां नजराण्याच्या सामानांत तीही होती. बादशहास या जिनसांची मातब्बरी वाटली नाहीं. वकिलातीबरोबरचे डिनविडी नांवाचे पंडित हें सामान घेऊन कलकत्त्यास आले आणि तेथून साखळी लॅम्बटनच्या हातीं पडली. त्याचें कोन मोजण्याचें मोठें यंत्र, ज्यास थिओडोलाइट म्हणतात, तें वजनानें अर्ध्या टनाच्या घरांत होतें. इंग्लंडहून येतांना तें फ्रेंचांनीं समुद्रावर पकडून मॉरिशस बेटावर नेलें. तेथील सुभेदारानें तें काय आहे हें ओळखून सन्मानानें मद्रासेस पाठवून दिलें. दोन राष्ट्रांचें युद्ध चालू असतां ही गोष्ट घडली. इ. स. १८०८ मध्यें तंजावरच्या देवळाच्या शिखरावर तें चढवीत असतां दोर तुटून यंत्र भिंतीवर आदळलें व त्याच्या वर्तुळाचा आकारच बिघडला. लॅम्बटननें कित्येक आठवडे खपून तें पुन्हा स्वतःच्या हातानें ठाकठीक केलें.

एवढा आटापिटा कशासाठीं? अठराव्या शतकांत युरोपांत एक वाद माजला होता. पृथ्वी पूर्ण गोल नाहीं येथपर्यंत सर्वांचें एकमत. परंतु ती ध्रुवांकडे चपटी कीं ध्रुवांकडे लांबट? न्यूटनच्या गणितानें ती चपटी असावयास पाहिजे होती. फ्रान्समध्यें कॅसिनी घराण्यानें जमीन मोजून ती लांबट ठरविली. निकाल लावण्याकरितां फ्रेंचांनीं १७३५ मध्यें एक मंडळी दक्षिण अमेरिकेंत विषुववृत्तावर पेरू प्रांतांत व १७३६ मध्यें दुसरी लॅपलंडांत पाठविली. उत्तरेकडील एक अंश विषुववृत्ताजवळील अंशापेक्षां लांब भरला, म्हणजे न्यूटन खरा ठरला. पण चपटेपणा किती, हें राहिलेंच. तें काढण्यास विषुववृत्ताजवळून निघून उत्तरेकडे सरळ दूरवर जाणारी जमीन पाहिजे. कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत अशी जमीन हिंदुस्थानांत आहे. सुमारें अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास ती रेषा धरितां येते. हिंगणघाट या रेषेपासून फार दूर नाहीं.

परंतु आमच्या विद्यार्थ्यास मिळावयाचें खरें उत्तर एवढें शास्त्रीय नाहीं. रेषा उत्तरेकडे न्यावयाची तर मधील मुलूख मोकळा पाहिजे. तो कोणी मोकळा केला? २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशीं सीताबर्डीची लढाई झाली. १८१८ मध्यें अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, अल्पवयी रघूजी तिसरे यांस गादीवर बसविलें व नागपूरचा कारभार रेसिडेंट जेंकिन्स यानें आपल्या हातीं घेतला. तो १८२६ पर्यंत त्याच्याकडे होता. त्याच १८१८ सालीं लॅम्बटनचें खातें मद्रास सरकाराकडून काढून थेट गव्हर्नर-जनरलच्या हाताखालीं देण्यांत आलें, त्यास 'महान् त्रिकोणमितीय सर्वेक्षण' हें नांव पडलें आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा त्याचा मदतनीस नेमला गेला. हीं दोन प्रकरणें एकाच वर्षीं घडलीं यांत आम्हांस योगायोग दिसत नाहीं. लढाई संपली कीं मोजणी सुरू व्हावी, हा त्या काळचा क्रमच होता. म्हैसूरचें असेंच झालें होतें. पृथ्वीचा आकार हा लॅम्बटनचा ध्यास होता खरा. पण त्यास पगार देणाऱ्यांचा ध्यास नागपूरच्या मुलखाचा होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यांत खऱ्या असूं शकतात. त्यांपैकीं एकच सांगणारा लेखक अर्धा इतिहास सांगतो.

हैदराबादेहून नागपुरास ठाणें हलवीत असतां, नागपूर सुमारें पन्नास मैल राहिलें असतां, २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें लॅम्बटन मरण पावला. सत्तरीच्या जवळ आलेला मनुष्य. वीस वर्षांत सुमारें १,६५,००० चौरस मैल मुलूख त्याच्या जाळ्याखालीं आला होता. वर्धा हा जिल्हा तेव्हां नव्हता. तो १८६२ मध्यें नागपुरांतून निराळा काढण्यांत आला. रेषा पुढें एव्हरेस्टनें मसुरीच्या डोंगरापर्यंत नेली. जगांतील सर्वांत उंच शिखराची उंची राधानाथ सिकदार यांच्या गणितांतून निघाली, नांव १८६५ मध्यें एव्हरेस्टचें लागलें, आणि ज्यानें कामाचा पाया घातला तो वणेच्या कांठीं राहिला. जॉन की या ग्रंथकारानें इ. स. २००० मध्यें या मोजणीवर पुस्तक लिहिलें, तेव्हां कोठें बाहेरच्या वाचकांस ही कबर पुन्हा ठाऊक झाली. ज्या खलाशांनीं व निशाणवाल्यांनीं डोंगरोडोंगर दिवे धरले, जे जंगलांत तापानें मेले, त्यांच्या नांवाची तर कबरही नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. वणा नदीच्या या भागांत जमीन सांगण्याची जुनी रीति कोणती होती? हिंगणघाटच्या परिसरांत जांब येथें वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट सांपडले. राज्याच्या दुसऱ्या वर्षीं नंदिवर्धन येथून दिलेलें हें दान आहे. त्यांत कोथुरक नांवाचा गांव दिला असून त्याच्या चतुःसीमा उमा नदी आणि शेजारचीं गांवें सांगून ठरविल्या आहेत. महामहोपाध्याय मिराशी यांनीं उमा म्हणजे हल्लींची वणा व मंडुकीग्राम म्हणजे मांडगांव असें जुळविलें, तें आम्हांस मान्य आहे. पंधराशें वर्षांपूर्वींच्या सीमा आजही पायीं फिरून दाखवितां येतात. या रीतीस कमी लेखण्याचें कारण नाहीं. माप मुळींच नव्हतें असेंही नाहीं. याच राजाच्या चम्मक येथील ताम्रपटांत चर्मांक गांव राजमानानें ८००० भूमि एवढा सांगितला आहे. म्हणजे पांचव्या शतकांत विदर्भांत सरकारी माप ठरलेलें होतें, त्यानें गांव मोजीत व आंकडा तांब्यावर कोरीत. आंकडा आपणांपर्यंत आला. पण 'भूमि' म्हणजे किती लांब, किती रुंद? येथें गाडी अडते. माप आहे, मापाचें माप हरवलें आहे. हाच घोटाळा पुढें आकाशाएवढा मोठा होऊन आपणांस भेटणार आहे.

हिंगणघाटच्या पश्चिमेस वाशीम आहे. हेंच वाकाटकांच्या धाकट्या शाखेचें वत्सगुल्म. आमच्या ज्योतिषांत रेखांश मोजण्याची मध्यरेषा लंकेपासून उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे व मेरूकडे जाते. भास्कराचार्यांनीं शके ११०५ च्या 'करणकुतूहला'ंत या रेषेवरील स्थळें सांगतांना कांची, वत्सगुल्म व उज्जयिनी हीं नांवें दिलीं आहेत. वाशीम येथें मध्यमेश्वराचें देऊळ आहे व ती रेषा तेथूनच जाते असें लोक सांगतात. एवंच, लॅम्बटनची रेषा येण्यापूर्वीं सहा शतकांहून अधिक काळ वऱ्हाडावरून एक रेषा जात होती, आणि दोहोंतील अंतर वाशीमपाशीं एका अंशाच्या घरांत आहे.

ही रेषा खरी होती काय? उज्जयिनीचा रेखांश ग्रीनिचपासून सुमारें ७५ अंश ४६ कला आणि वाशीमचा सुमारें ७७ अंश ८ कला. दोन्ही एका रेषेवर नाहींत. वाशीम १ अंश २२ कला, म्हणजे जवळजवळ ९० मैल पूर्वेकडे पडतें. कांची तर चार अंशांच्या जवळ पूर्वेस आहे. हें वाचून कोणी हंसेल, तर त्यानें आधीं रेखांश कसा काढीत याचा विचार करावा. 'सूर्यसिद्धांता'ंत सांगितलेली रीति अशी कीं, चंद्राचें खग्रास ग्रहण गणितानें मध्यरेषेवर ज्या घटकेस यावयाचें, त्याहून आपल्या गांवीं किती आधीं किंवा मागाहून दिसलें तें पाहावें. रीति निर्दोष आहे. पण वेळ मोजावयाची घटिकापात्रानें, पाण्यांत बुडणाऱ्या वाटीनें. १ अंश २२ कला म्हणजे काळाचीं केवळ साडेतेरा-चौदा पळें. ग्रहणाच्या छायेची कडाच इतकी अंधुक असते कीं, एवढी चूक चांगल्या वेधकर्त्याच्याही हातून व्हावी. अक्षांशांत, जेथें घड्याळाचें काम नाहीं, तेथें आमचे लोक बरेच जवळ आहेत. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे असें भास्कराचार्य सांगतात. म्हणजे २२॥ अंश. प्रत्यक्षांत ती २३ अंश ११ कलांवर आहे.

लॅम्बटनच्या बाजूसही तोच न्याय लावूं. त्याच्या रेषेचे अक्षांश उत्तम. परंतु सर्वेक्षणाचे सर्व रेखांश मद्रासच्या वेधशाळेवर टांगलेले होते, आणि त्या वेधशाळेचा रेखांशच चुकलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारायंत्रानें वेळ ताडून पाहिली तेव्हां सुमारें अडीच कलांची वजाबाकी करावी लागली. चूक लहान आहे, आमच्या चुकीच्या तीसाव्या हिश्शाएवढीही नाहीं. पण कारण तेंच आहे, घड्याळ. त्याच्या साखळीवरही एव्हरेस्टचा पुढें विश्वास राहिला नाहीं. उष्णतेनें लांबी बदलूं नये अशा जोडदांड्या त्यानें १८३० मध्यें विलायतेहून आणविल्या व साखळीनें मोजलेल्या आधाररेषा पुन्हा मोजविल्या. त्यानें स्वतः १८२४ मध्यें मोजलेली सिरोंजची रेषाही त्यांतून सुटली नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. आमच्या ग्रंथांत पृथ्वीचा परिघ दिला आहे, त्याचा अर्थ काय? आर्यभटानें व्यास १०५० योजनें सांगितला. भास्कराचार्यांनीं शके १०७२ च्या 'सिद्धांतशिरोमणी'ंत व्यास १५८१ योजनें व एका योजनाचा चोविसावा अंश आणि परिघ ४९६७ योजनें दिला. परिघ काढण्याची रीतिही त्यांनीं दिली आहे: दक्षिणोत्तर एका रेषेवरील दोन गांवांचें अंतर योजनांत मोजावें, त्यांचे अक्षांश पाहावे आणि त्रैराशिक करावें. लॅम्बटननें केलें तें तत्त्वतः हेंच. रीतीपुरता विचार केला तर आमच्याकडे कांहींच नव्हतें असें म्हणणाराचें तोंड येथें बंद होतें.

परंतु आंकड्याचें काय? अलीकडे जिकडे तिकडे असें लिहिलेलें आढळतें कीं, योजन पांच मैलांचें. ४९६७ ला पांचानें गुणिलें म्हणजे २४,८३५ मैल होतात, आणि आजचा परिघ जवळजवळ तितकाच आहे. धन्य आमचे पूर्वज! आम्हांसही धन्यता वाटलीच असती. परंतु योजन पांच मैलांचें हें कोणीं सांगितलें? 'लीलावती'च्या आरंभीं भास्कराचार्यांनीं स्वतःच कोष्टक दिलें आहे: चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस, चार कोसांचें योजन. म्हणजे योजनाचे ३२,००० हात. हात दीड फुटाचा धरिला तर योजन नऊ मैलांहून किंचित् अधिक होतें व परिघ ४५,००० मैलांवर जातो. पांच मैलांचें योजन व्हावयास हात दहा इंचांचा पाहिजे. दहा इंचांचा हात पाळण्यांतल्या मुलाचा असेल. जमीन मोजणाऱ्या कारकुनाचा नव्हे. बरें, आर्यभटाचेंही योजन ८००० पुरुषांचें, व पुरुष चार हातांचा; तेथेंही ३२,०००च हात. त्याचा परिघ या मापानें ३०,००० मैलांच्या घरांत येतो, तो भास्कराचार्यांच्या परिघापेक्षां सत्याच्या पुष्कळ जवळ आहे. म्हणून आर्यभटाचें योजन साडेसात मैलांचें व भास्कराचार्यांचें पांच मैलांचें असें आज सांगण्यांत येतें. हें योजन मोजून ठरविलेलें नाहीं. पृथ्वीचा आजचा व्यास घेऊन त्यास ग्रंथांतील आंकड्यानें भागिलें, आणि जें आलें त्यास योजन म्हटलें; मग त्याच योजनानें ग्रंथांतील आंकडा गुणून ग्रंथ बरोबर असल्याचें सिद्ध केलें! अशा रीतीनें कोणताही आंकडा बरोबर ठरतो. नैयायिक यास अन्योन्याश्रय म्हणतात.

मग ४९६७ हा आंकडा आला कोठून? आमचें मत असें आहे कीं, तो नव्यानें जमीन मोजून आलेला नाहीं. ब्रह्मगुप्तानें सातव्या शतकांत परिघ ५००० योजनें धरिला. दहाच्या वर्गमुळानें त्यास भागिलें म्हणजे व्यास १५८१ येतो. परिघ आणि व्यास यांचें गुणोत्तर दहाचें वर्गमूळ असें तेव्हां धरीत. भास्कराचार्यांनीं हाच व्यास ठेवून त्यास ३९२७ नें गुणून १२५० नें भागिलें, म्हणजे अधिक सूक्ष्म गुणोत्तर वापरलें. त्यानें ४९६७ बरोबर येतात. वाचकांनीं कागद घेऊन हें करून पाहावें. आचार्यांची सूक्ष्मता गणितांतली आहे, भूमापनांतली नव्हे. यांत त्यांस कमीपणा कोणता? जें त्यांनीं केलें तें थोर आहे. जें त्यांनीं केलें नाहीं तें त्यांच्या गळ्यांत बांधणें हा त्यांचा गौरव नव्हे.

ही खोड आमच्याच लोकांत आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ग्रीक पंडित एराटोस्थेनीस यानें अलेक्झांड्रिया व सायीनी या दोन शहरांतील सावल्यांवरून परिघ २,५२,००० स्टेडिया काढला. स्टेडियन १८५ मीटरांचें धरिलें तर त्याचा परिघ ४६,००० किलोमीटरांच्या वर जातो. १५७॥ मीटरांचें धरिलें तर तो ३९,६९० म्हणजे जवळजवळ अचूक ठरतो. युरोपांतील पुष्कळ लेखकांस दुसरें स्टेडियन आवडतें, तें कां हें सांगावयास नको. चीनमध्यें इ. स. ७२४ त यी-शिंग नांवाच्या बौद्ध भिक्षूच्या सूचनेनें दक्षिणोत्तर अनेक ठाण्यांवर शंकुच्छाया मोजल्या गेल्या व एक अंशाचीं ३५१ ली आणि ८० पावलें ठरलीं. तेथेंही ली केवढें हा वाद आहेच. बगदादचा खलीफा अल्मामून यानें नवव्या शतकांत सिंजारच्या मैदानांत दोन टोळ्या पाठवून एक अंश ५६ मैल व दोन तृतीयांश असा मोजविला. हे मैल अरबी. सहाशें वर्षांनंतर कोलंबसानें हाच आंकडा वाचला व ते मैल इटालियन समजला. इटालियन मैल आंखूड. त्यामुळें त्याची पृथ्वी लहान झाली, हिंदुस्थान पश्चिमेकडून जवळ दिसूं लागलें आणि तो जहाजें घेऊन निघाला. मापाचें माप न विचारल्यामुळें एक खंड सांपडल्याचें हें एकच उदाहरण असावें.

अल्बेरूणीची गोष्ट येथें सांगणें अवश्य आहे. अकराव्या शतकाच्या आरंभीं पंजाबांत नंदन किल्ल्यावर त्यानें डोंगराची उंची व क्षितिजाचा उतार मोजून एकाच जागीं उभें राहून पृथ्वीची त्रिज्या काढली. हिंदूंच्या मापांविषयीं लिहितांना त्यानें योजन आठ मैलांचें सांगितलें, आणि त्याचा मैल चार हजार हातांचा; म्हणजे पुन्हा ३२,००० हात. परक्या मनुष्यानें त्या काळीं विचारून लिहून ठेवलेलें हें प्रमाण 'लीलावती'च्या कोष्टकाशीं तंतोतंत जुळतें. म्हणून ३२,००० हातांचें योजन ही नुसती पोथींतली कल्पना होती असेंही म्हणतां येत नाहीं.

नागपूरशीं या प्रकरणाचा आणखी एक धागा आहे. हेन्री टॉमस कोलब्रूक हा १७९९ ते १८०१ पर्यंत दुसरे रघूजी भोसले यांच्या दरबारीं कंपनीचा वकील म्हणून राहिला होता. यानेंच पुढें 'लीलावती' व बीजगणित यांचें इंग्रजी भाषांतर करून १८१७ मध्यें लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. तेव्हां भास्कराचार्यांचें कोष्टक युरोपास कळविणारा मनुष्य नागपूरच्या दरबारांत वावरला होता, आणि पृथ्वीची साखळी ओढणारा नागपूरच्या वाटेवर मेला. मराठी वाचकांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. १८३६ मध्यें सुबाजी बापू या शास्त्र्यांनीं 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हें मराठी पुस्तक लिहून, पृथ्वी गोल आहे हें पुराणांस सोडून सिद्धांतांच्या आधारें प्रतिपादिलें. लॅम्बटन जाऊन तेरा वर्षें झालीं होतीं. इंग्रजांच्या मोजणीचें प्रमाण न मागतां आपल्याच आचार्यांच्या बळावर आपल्याच लोकांशीं वाद घालणारा हा शास्त्री आम्हांस फार मोठा वाटतो.

आतां आमच्या विद्यार्थ्यास उत्तर द्यावयाचें तर असें: आमच्या लोकांस पृथ्वी मोजण्याची रीति ठाऊक होती, मोजमापही होतें, परंतु हात केवढा, हें लोखंडावर किंवा दगडावर कोरून पिढ्यान्‌पिढ्या जपणारी व्यवस्था या कामाशीं जोडलेली नव्हती. पॅरिसमध्यें शातले या न्यायकचेरीच्या भिंतींत लोखंडी 'तुवाझ' बसविलेला होता व त्यावर सर्वांनीं आपलीं मापें ताडून पाहावीं असा नियम होता. पेरूला नेलेला गजही याच घराण्यांतला. लॅम्बटनची साखळी याच परंपरेंतली. आमच्याकडे अशी परंपरा अगदींच नव्हती असें नाहीं. तमिळ देशांत कित्येक देवळांच्या भिंतींवर जमीन मोजण्याच्या काठीची लांबी कोरलेली आढळते. शिवछत्रपतींच्या काठीचें मान सभासदानें नोंदविलें आहे: पांच हात पांच मुठी, म्हणजे ब्यायशीं तसू, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा, एकशें वीस बिघ्यांचा चावर. तसू किती इंचांचा हें एकदां कळलें कीं सर्व चावर उलगडतो. तसूच्या लांबीचा एक खरा नमुना शंभर तर्कांपेक्षां अधिक मोलाचा आहे.

म्हणून वर्धा व आसपासच्या जिल्ह्यांतील वाचकांस आमची विनंती आहे. ज्यांच्या घरीं जुनी जमीन मोजण्याची काठी, खुणा केलेला गज किंवा सुताराची जुनी तसूची पट्टी असेल, त्यांनीं ती फेंकून न देतां तिची एकंदर लांबी आणि दोन खुणांमधील अंतर मिलिमीटरांत मोजून, काठी कोणत्या गांवची व कोणाच्या वेळची आहे या माहितीसह, मंडळाकडे कळवावें. जुन्या देवळांचे ओटे, पायऱ्या व खांब पाहतांना एका ओळींत समान अंतरावर कोरलेल्या दोन रेघा किंवा फुल्या आढळल्यास त्यांवर कागद ठेवून ठसा घ्यावा. पौनार, केळझर, आर्वी, देवळी व हिंगणघाट या बाजूंची पाहणी आम्ही स्वतः येत्या उन्हाळ्यांत करणार आहों. त्या मुलासही बरोबर घेण्याचा विचार आहे.